चॅपिनच्या वळणावर

लुसियँची लाकूडतोड छावणी,
१२ नोव्हेंबर १९६१

आत्या,

जिवंत आहे. हे आधीच लिहून टाकतो, कारण माझ्या पत्रात तू तेवढंच शोधतेस आणि मग चष्मा काढून ठेवतेस.

बटाट्याचा हंगाम संपला तसा निघालो. जायचं होतं समुद्राकडे, पण वाटेत एक ट्रकवाला भेटला. त्याच्या गाडीत कुत्री आणि एक अकॉर्डियन. त्याला वाजवता येत नव्हतं, पण कुत्र्यांना ते माहीत नव्हतं. असा माणूस उत्तरेला चाललेला असताना आपण दक्षिणेला कसं जायचं? तर आलो उत्तरेला. पार सरहद्दीजवळ. मग खिशात आर्मंडने दिलेला पत्ता सापडला. मी घर सोडलं त्या सकाळी त्याने, आपल्या गावच्या एकुलत्या एक पोलिसाने, मला हद्दीपर्यंत गाडीतून सोडलं होतं, आठवतं? तेव्हा म्हणाला होता, "कुठंच काम नाही मिळालं तर माझ्या मेहुण्याच्या छावणीवर जा. जेवण चांगलं असतं, बाकी सगळं वाईट." दोन्ही खरं निघालं.

मी ओंडके ओढणारे घोडे सांभाळतो. त्यातल्या एकाचं तोंड थेट फ्लॉइडकाकांसारखं आहे. मंडळाच्या बैठकीत झोप आवरताना ते करतात ना, तसं.

परवा शेकोटीपाशी लुसियँने विचारलं, तुमच्या कॅडवेलमध्ये आहे तरी काय? मी म्हटलं, एक चर्च, एक दुकान, एक तळं. एक पोलीस, तो माझ्या आत्याच्या मुठीत. आणि बंबवाले, ते कुणाच्याच मुठीत नाहीत. कुणाला काही कळेना. मग पहिल्यापासून सांगितलं. दर मार्चला गावसभा भरते, ती तिघांचं मंडळ निवडते, आत्या त्याची प्रमुख. मंडळ एकेक वर्षाच्या बोलीवर पोलीस नेमतं. बंबवाले मात्र फुकट राबतात, म्हणून आपला कॅप्टन आपणच निवडतात, आणि मला आठवतंय तेव्हापासून तो कॅप्टन म्हणजे माझा बाप. लुसियँ म्हणाला, "म्हणजे गाव तुमच्या जेवणाच्या टेबलावरच चालतं की!" मी म्हटलं, चालतं कसलं, भांडतं.

डेलने लिहिलंय की बाबांनी त्याला पाइपाच्या तोंडाशी उभं केलंय. म्हणजे जळत्या घरात पहिला तोच शिरणार. त्याला सांग, एवढा भाव खाऊ नकोस. तुझ्या वाळत घातलेल्या चादरी बागेतल्या नळीने भिजवण्याच्या पुढे त्याची मजल गेलेली मी तरी बघितलेली नाही. मोठा भाऊ असला म्हणून काय झालं.

इथलं टपाल घसरगाडीवरून जातं, तिच्या मर्जीने. पोचेल तेव्हा पोचेल.

तुझा,
लेलँड


कॅडवेल,
४ डिसेंबर १९६१

लेलँड,

बसून वाच. शेजारी कुणी असेल तर त्याला उठू देऊ नकोस.

डेल गेला. शुक्रवारी दुपारी. आज त्याला तुझ्या आईच्या शेजारी ठेवलं. जमीन गोठली होती, बंबवाल्यांनीच पहारी घेऊन खणली.

तुझं पत्र शनिवारी आलं. त्याआधी तू कुठे आहेस ते कुणालाच माहीत नव्हतं. बटाटेवाल्याकडे केलेली तार परत आली. तुला दोष देत नाही. फक्त सांगतेय की आम्ही शोधलं.

प्राउटींच्या घराला आग लागली होती. चॅपिनच्या वळणापुढे, तळ्याच्या समोरच्या अंगाला, तेच. भोंगा वाजला, तुझा बाप वेंडेल आणि त्याची माणसं बंब घेऊन गेली. तळ्याचा बर्फ फोडून पाइप रस्त्यावरून आडवा पलीकडे नेला. तिथे नेहमी तसाच न्यावा लागतो. आर्मंड वळणावर गाड्या अडवायला उभा होता. डेल पाइप घेऊन जिन्याने वर गेला, कारण म्हातारा प्राउटी वर आहे असं कुणीतरी ओरडलं. तो वर नव्हता, शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात पाय शेकत बसला होता. डेल जिन्यात असताना पाणी थांबलं. पाइप फुटला होता. पाण्याशिवाय आत अडकलेल्या माणसाला किती वेळ मिळतो ते तुझ्या बापाने तुम्हा दोघांना लहानपणापासून सांगितलंय. मी लिहीत नाही.

पाइपावरून गाडी गेली. टायरना बर्फाच्या साखळ्या होत्या. आर्मंडने ती सोडली.

मंडळ चौकशी करेल. ते माझ्यावर सोड. तू यायची घाई करू नकोस, घाट बंद आहे. वेंडेलचं रोज तेच. जेवतो, बंबघरात जातो, पाइप धुतो, वाळत घालतो, परत येतो. कॉफी पुढे केली तर कप सरकवतो.

रात्री एकटा झोपू नकोस. लुसियँला सांग.

आर्डिस आत्या


छावणी,
२७ डिसेंबर १९६१

आत्या,

पत्र नाताळच्या आदल्या दिवशी मिळालं. टपाल आलं म्हणून सगळे नाचत होते. माझं पाकीट जाड होतं म्हणून लुसियँने चिडवलं, "कोण आहे ती?"

मी घोड्यांकडे जाऊन वाचलं.

कुठून लिहू कळत नाही. काल दिवसभर मला डेलचा चेहरा आठवत नव्हता, फक्त त्याचे बूट आठवत होते. ते पिवळ्या नाडीचे, एक नाडी तुटली म्हणून दुसऱ्या रंगाची लावलेली. त्याला ती बदलायचीच नव्हती. म्हणायचा, अंधारात उजवा कुठला ते कळतं. अंधारात रंग दिसतो का रे गाढवा, असं मी म्हणायचो. यावरून आम्ही एकदा मारामारी केली होती. तू दोघांनाही गच्चीवरच्या बर्फात उभं केलं होतंस आणि मग तूच आत बोलावून गरम दूध दिलं होतंस.

तर. गाडी कुणाची होती?

तू सगळं लिहिलंस. प्राउटीचे पाय लिहिलेस, टायरच्या साखळ्या लिहिल्यास. गाडी कुणाची ते लिहिलं नाहीस. आर्मंड काही येड्यागबाळ्यासारखा कुणालाही सोडणारा माणूस नाही. एकदा त्याने खुद्द पाद्रीबाबांना वळणावर थांबवून ठेवलं होतं, पलीकडच्या गोठ्यात गाढवं जळत होती तेव्हा. पाद्री म्हणाले, "मला प्रार्थना करायचीय." तर म्हणाला, "इथूनच करा, तिकडे ऐकू जातं." तेव्हा तू किती हसली होतीस.

बाबांना मी दोन पत्रं लिहिली. उत्तर येणार नाही. ते मला कधीच लिहीत नाहीत हे माहीत आहे, तरी.

गाडी कुणाची?

लेलँड


कॅडवेल,
१५ जानेवारी १९६२

लेलँड,

तुला राग आलाय, तो योग्य आहे. मलाही आलाय.

चौकशी झाली. शाळेच्या खोलीत, गावासमोर. टेबलामागे आम्ही तिघं, पुढे आर्मंड. फ्लॉइडने विचारलं, "गाडी सोडलीस?" तो म्हणाला, "सोडली." "पाइप पडलाय हे माहीत होतं?" "होतं." मग फ्लॉइडने माझ्याकडे बघितलं, मी कागद आवरले, आणि बैठक संपली. गाडी परगावची असावी. वळणावरून रोज कितीतरी जातात.

लोक फार तापलेत. आपल्या गावात आजवर बंबवाला मेला नव्हता. कुणी डेलचं नाव घेतलं की दुकानात सगळे टोप्या काढतात. कुणी आर्मंडचं घेतलं की थुंकतात. ते फ्रेंच आहे, बाहेरचं आहे, तरी सांगत होतो, असं सगळं. त्याच्या बायकोला पाव द्यायलाही दुकानदार वेळ लावतो. मी दोनदा स्वतः जाऊन देऊन आले.

मंडळाने त्याला कामावरून थांबवलंय. लोकांनी सह्या करून मार्चच्या सभेपुढे विषय आणलाय की पोलिसाचं पदच बंद करावं. मी आर्मंडला सांगितलं होतं की धीर धर, लोक थंड होतील, मी बघते. पण तो घर बंद करून गेला. बायको तिच्या बहिणीकडे, तो कुठे ते ठाऊक नाही.

तू विचारतोस ते प्रश्न विचारून डेल परत येणार आहे का? वेंडेलची तब्येत बरी आहे. मी हल्ली सगळीकडे चालतच जाते. गाडी कोठारात ठेवून दिली. डॉक्टर म्हणतात, चालणं चांगलं.

मोजे पाठवतेय. राखाडी डेलचे आहेत. नको असतील तर परत कर.

आत्या


छावणी,
१८ फेब्रुवारी १९६२

आत्या,

आर्मंड इथे आहे.

जाईल कुठे तो? मेहुण्याकडेच आला. आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मी ज्या बाजूला बसेन तिकडे पाठ. मला वाटायचं, याने माझ्या भावाला मारलं आणि वर हाच रुसतोय. एकदा मी कुऱ्हाडीला धार लावत होतो, तो आला, आणि लुसियँ आमच्यामध्ये येऊन उगाच लाकडं रचत बसला. इतकी वाईट रचली की नंतर सगळी पडली.

मग परवा तो फ्लॉइडकाकांच्या तोंडाचा घोडा बर्फात रुतला. मी आणि आर्मंडच जवळ होतो. दोघांनी मिळून काढला. काढून झाल्यावर तिथेच बसलो, दम लागला होता. मी म्हटलं, "गाडी कुणाची होती तेवढं सांग, मग आयुष्यभर बोलू नकोस."

तो म्हणाला, "तुला खरंच माहीत नाही?"

मी म्हटलं, "आत्या म्हणते परगावची."

तो हसला. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसायचा थांबला. त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. मला वाक्यं बनवता येत नाहीत पण ऐकलेलं लक्षात राहतं.

तू वळणावर आलीस. मागच्या सीटवर कॉफीचा मोठा पितळी डबा होता, बंबवाल्यांसाठी. आगीवर कॉफी नेणं बायकांचं काम, आणि बायकांत पहिली तू. तो म्हणाला, "आर्डिसबाई, पाइप पडलाय, चालत जा, डबा मी आणतो." तू म्हणालीस, "निवेल ना रे ती." तो म्हणाला, "कॅप्टनचा हुकूम आहे." तेव्हा तू काच आणखी खाली करून, हसत, हसतच म्हणालीस, "आर्मंड, मार्चमध्ये तुझी नेमणूक कॅप्टन करतो की मी?"

त्याने अडथळा बाजूला केला.

आत्या, मी घोड्यांपाशी जाऊन सगळी पत्रं पुन्हा वाचली. चालणं तब्येतीला चांगलं! दोनदा वाचूनही मला कळलं नव्हतं. मी तो मूर्ख.

तुझ्या चौकशीत त्याने नाव घेतलं नाही, कारण आदल्या संध्याकाळी तू त्याच्या घरी जाऊन म्हणालीस की गप्प राहा, मार्चमध्ये तुला परत घेते. बायकोसमोर म्हणालीस. पाव घेऊन गेली होतीस.

त्याला तुझ्यावर सूड उगवायचा नाही. मी विचारलं. त्याने खाली एका गावात पोलिसाच्या जागेसाठी अर्ज केलाय. ते लोक मंडळाला फोन करून विचारणार, कसा माणूस आहे. तेव्हा 'पाइपावरून गाडी सोडणारा' असं उत्तर गेलं की संपलं. वीस वर्षं तो शिपाईगिरीच करत आलाय, दुसरं त्याला येत नाही. ओंडके त्याला उचलत नाहीत. खोकतो.

मीच आलो असतो. पण मी एकविसाचा नाही, मतदार नाही. मला सभेत तोंड उघडायला आधी गावाने हात वर करून परवानगी द्यायला हवी, आणि ती मागायची कुणाकडे? तुझ्याच टेबलाकडे.

तू उभी राहा. सभेत, सगळ्यांसमोर. 'गाडी माझी होती' एवढंच म्हण. पुढचं मागचं काही नको.

बाबांना मी यातलं काही लिहिलेलं नाही. ते तू सांग. माझ्याच्याने होणार नाही.

लेलँड


कॅडवेल,
८ मार्च १९६२

लेलँड,

परवा सभा झाली. ऐक.

मी रविवारी वेंडेलला सांगायला गेले होते. बंबघरात बुटांना तेल लावत होता. मी म्हटलं, "वेंडेल, मला काही सांगायचंय." तो म्हणाला, "सभेत सांग," आणि दुसरा बूट घेतला. मला वाटलं, पोलिसाच्या विषयावर बोलणार असं समजला.

सभागृह भरलेलं होतं. पोरंबाळं, विणकाम, चुलीवर शेंगांचं भांडं, सगळं दरवर्षीसारखं. बंबवाले मागच्या भिंतीला, दरवाजापाशी उभे, भोंगा वाजला तर पळता यावं म्हणून. डेलची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. त्याच्या दोन्ही बाजूंच्या माणसांमधून भिंत दिसत होती.

पोलिसाचा विषय आला. बिक्सबी सभाध्यक्ष होता. मी उठले. "अध्यक्ष, मला बोलायचंय."

"विषयावर बोल, आर्डिस."

"विषयावरच आहे. ती गाडी माझी होती."

मागच्या ओळीतल्या एका बाईच्या सुया थांबल्या. चुलीत लाकूड फुटलं. मला वाटलं, आता कुणीतरी ओरडेल. मी त्याची वाट बघत होते, लेलँड. वेंडेलने काही फेकून मारलं असतं तरी चाललं असतं.

बिक्सबी म्हणाला, "गाडी कुणाची हा आत्ताचा विषय नाही. पद ठेवायचं की बंद करायचं, हा विषय आहे."

मी म्हटलं, "आर्मंडने मला अडवलं होतं. मी त्याला म्हटलं—"

"तू विषयाबाहेर जातेयस. खाली बस, आर्डिस." अगदी हळू म्हणाला. आजाऱ्याला म्हणतात तसं.

मी उभीच राहिले. मग बघितलं तर चिटणीस बाईने लेखणी खाली ठेवली होती. विषयाबाहेरचं बोलणं इतिवृत्तात जात नाही. नियम आहे. मीच लावून धरलेला, फ्लॉइड दर वर्षी गाईंचं काढतो म्हणून.

हात वर झाले. पद बंद. वेंडेलने ना बाजूने हात वर केला, ना विरोधात. टोपी धरून होता.

पुढचा विषय मंडळाची निवड. माझी मुदत संपत होती. मी 'नको' म्हणायला तोंड उघडलं तोवर मागच्या भिंतीपासून एका बंबवाल्याने माझं नाव सुचवलं होतं. "विरोधात कुणी?" कुणी नाही. टाळ्या झाल्या.

मग जेवण. दर वर्षी बंबवाले वाढतात. डेलच्या मागे पाइप धरणाऱ्या पोराने माझ्या ताटात शेंगा वाढल्या आणि म्हणाला, "थोडं जास्त घ्या आर्डिसमावशी, थंडी आहे."

तेव्हा मला कळलं. त्यांना माहीत होतं. सगळ्यांना, पहिल्या दिवसापासून. तीन महिने मी ज्यांच्यापासून लपवत होते, ते माझ्यासाठी लपवत होते. त्यांना एक माणूस हवा होता, तो आर्मंड मिळाला. माझं नाव ऐकलं असतं तर त्यांना उद्यापासून कॉफी कुणाच्या हातची प्यायची, मतं कुणाला द्यायची, वेंडेलच्या तोंडाकडे कसं बघायचं, सगळंच नव्याने ठरवावं लागलं असतं.

मी जेवले. हेही लिहिते. सगळं ताट संपवलं.

त्या गावाहून फोन आला तर मी घेईन आणि खरं सांगेन. आर्मंडला सांग, एवढं तरी माझ्या हातात आहे.

आत्या


छावणी,
२५ मार्च १९६२

आत्या,

तुझ्या हातात नव्हतं. फोन फेब्रुवारीतच येऊन गेला होता, आर्मंडने त्या गावाला विचारून घेतलं. तू चर्चला चालत गेलीस असं सांगून फ्लॉइडकाकांनीच घेतला. जागा भरली गेली, असं छापील कार्ड त्याला आलं. तुझ्या पत्राच्या आदल्या दिवशी.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. नको होतं का? मला वाटलं, त्याचाच विषय आहे. तो मध्ये म्हणाला, "ते परत वाच. खाली बस, आर्डिस." मी वाचलं. तो हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला, लुसियँ पाणी घेऊन आला, मग तो शांत झाला आणि म्हणाला, "बोलली पण." पेला खाली ठेवून म्हणाला, "मला फक्त नाव हवं होतं. त्यांनी नेमकं तेवढंच लिहून घेतलं नाही."

बुधवारी तो सरहद्दीपलीकडे गेला. कुणा चुलतभावाची करवतगिरणी आहे. ओंडक्यांपेक्षा फळ्या हलक्या असतात, म्हणाला. मी त्याला घसरगाडीवर शेवटच्या फाट्यापर्यंत सोडलं. वाटेत आम्ही एक कोल्हा बघितला, अगदी रस्त्यात उभा, आमच्याकडे बघत. हटेना. आर्मंडने सवयीने शिट्टी काढली, गळ्यातच होती त्याच्या, वाजवली, आणि तो कोल्हा सरळ बाजूला झाला. "बघ," म्हणाला, "याने माझी नेमणूक कोण करतं ते विचारलं नाही." मग शिट्टी काढून मला दिली. "गावाची आहे. परत कर. नाहीतर तेही माझ्या नावावर टाकतील."

सोबत आहे. पितळेची आहे, जपून ठेव.

तुला खूप लिहायचं होतं. वाटेत सगळं मनात जुळवलं होतं, सगळ्यात वाईट काय लागेल ते. मग ते दूध आठवलं, बर्फात उभं केल्यावर दिलेलं. दोन्ही एकाच बाईने केलं. मला त्याचं काय करायचं ते कळत नाही.

पुढे कधी लिहीन माहीत नाही. डेलचे मोजे मी घातलेत.

लेलँड


कॅडवेल बंबघर,
२२ एप्रिल १९६२

लेलँड,

मला लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे. तुझी पत्रं मिळाली. सगळी.

तुझी आत्या सभेत बोलली. मला त्याआधीच माहीत होतं. त्या दिवशी पाणी थांबलं तसा मी पाइप धरून मागे पळत गेलो, कुठे फुटलाय बघायला. फुटला होता तिथे बर्फ तपकिरी झाला होता. गाडी आपटली तेव्हा डबा कलंडून कॉफी दारातून खाली गळली होती. वाफ येत होती. माझ्यामागे जे आले त्यांनीही बघितलं. कुणीतरी बुटाने वर बर्फ ओढला. तो मीच होतो.

मुलगा गेला होता. बहीणही घालवायची माझी तयारी नव्हती. त्याची किंमत आर्मंडने दिली. त्याला सांगायला माझ्याकडे काही नाही. त्याचा पत्ता असेल तर पाठव.

आता पोलीस नाही. मंडळ म्हणतं, रस्ता तुम्हीच बघा. माझ्याकडे माणूस कमी आहे.

गुरुवारी स्टिकनीच्या घराला आग लागली. तेही तळ्याच्या पलीकडेच. पाइप रस्त्यावरून नेला. वळणावर कुणाला ठेवू याचा विचार करत बंबातून उतरलो, तर वळणावर आधीच कुणी उभं होतं. तुझी आत्या. चर्चचा कोट, रबरी बूट, गळ्यात आर्मंडची शिट्टी. अडथळा तिने एकटीने ओढत आणला होता. मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, रस्त्याकडे बघत होती.

फ्लॉइड आपला ट्रक घेऊन आला. आम्ही वाऱ्याच्या दिशेला होतो, सगळं ऐकू आलं. तो म्हणाला, "आर्डिस, बाजूला हो, मी मंडळाचा आहे." तिने त्याच्या तोंडावर शिट्टी वाजवली. तो म्हणाला, "अगं, स्टिकनी माझा मेहुणा आहे!" तिने परत वाजवली. मग वाजवतच राहिली, तो इंजिन बंद करेपर्यंत आणि त्यानंतरही. एकाला पाठवून मला ती थांबवावी लागली.

कॉफी कुणी आणली नाही.

घर वाचलं नाही. पाणी शेवटपर्यंत आलं.

तुझा बाप,
वेंडेल